पट सुटण्याआधी

मकरसंक्रांत उलटते, कपाशीची शेवटची वेचणी आटोपत येते, तुरी खळ्यावर येतात आणि वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत, तसंच वर्धा नदीपलीकडे अमरावती जिल्ह्याच्या काठावर, पानठेल्यांवर एकच विषय सुरू होतो: औंदा पट कोण मारते? प्रश्न शर्यतीचा आहे, उत्तर मात्र शर्यतीहून मोठं असतं. ज्यानं आयुष्यभर शंकरपट पाहिला त्या माणसाचं या प्रश्नावरचं बोलणं निवांत बसून ऐकावं. त्यात जोडीचं नाव अगदी शेवटी येतं, कधी कधी येतही नाही. आधी येतो बैलाचा खांदा, मग त्याची चाल, मग जोडीदार, मग जोडी हाकणारा धुरकरी, मग माती, मग गेल्या खेपेला काय झालं ते. धाव काही सेकंदांत संपते. हे भाकीत मात्र आदल्या रात्रीपासून रचलं जातं, सकाळी दुरुस्त होतं आणि जोडी रेषेवर उभी राहीपर्यंत बदलत राहतं. शंकरपटातली कला कुठे आहे असं कुणी विचारलं, तर मी या भाकिताकडे बोट दाखवीन.

शंकरपट न पाहिलेल्यांसाठी एवढं सांगायला हवं की बैलांची प्रत्येक शर्यत सारखी नसते, आणि शर्यत बदलली की पारखही बदलते. पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांत बैलगाडा घाटात पळतो, बैलांपुढे घोडी धावते आणि गाड्यावर माणूस नसतो. तिथला जाणकार घोडी आणि बैल यांचं नातं पाहतो. सांगली-साताऱ्याकडे अनेक गाड्या आपापल्या पट्ट्यातून एकदम सुटतात. गट, सेमीफायनल, फायनल असे टप्पे असतात, त्यामुळे एकाच दिवशी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पळण्याचा दम कुणात आहे हे तिथे हेरावं लागतं. विदर्भातल्या पटात हलका छकडा, दोन बैल आणि एक धुरकरी. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी सोडून घड्याळात सेकंद मोजतात. एकेक जोडी सोडण्याच्या पटात तर समोर प्रतिस्पर्धी नसतोच. दुसऱ्याला पाहून चढणारी ईर्ष्या नाही, बरोबरीनं धावणाऱ्याची हूल नाही. जे काही आहे ते त्या दोन जनावरांत आणि त्यांच्या मागच्या माणसात. म्हणून इथलं भाकीत सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत निर्मळ, असं माझं मत आहे.

पारखीची पहिली पायरी अंगलटीची. वर्धा जिल्ह्याचं स्वतःचं जनावर आहे गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा हा त्याचा मुलूख. तिथून तो नागपूर आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंत पसरलेला आहे. रंग पांढरा, बैलाच्या मानेवर, वशिंडावर आणि पुठ्ठ्यावर करडी छटा. तोंड लांब आणि अरुंद, कपाळ किंचित मागे झुकलेलं, डोळे बदामी, शिंगं आखूड आणि टोकाला बोथट. वशिंड चांगलं वाढलेलं पण सैल, बहुधा एका बाजूला कललेलं. कातडी सैल, गळ्याखालची पोळी मोठी, शेपटी तशी आखूड. सगळं शरीर हलकं, अरुंद, आणि पाय सरळ. मराठ्यांच्या फौजांचं सामान डोंगराळ मुलखातून झपाट्यानं नेण्यासाठी ही जात जोपासली गेली, असं जनावरांच्या जातींवर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे, आणि बैल चालायला लागला की ते पटतं. जड ओझं उपसणाऱ्या बैलाचा खांदा भरलेला असतो, तो जमिनीला रेटून ओढतो. गवळाऊ चालत राहून ओढतो. दुडक्या चालीनं अंतर कापणं हाच त्याचा जोर.

हे वर्णन पुस्तकातही सापडेल. पटावरचा जाणता इथून पुढे सुरू होतो. प्रदर्शनात पहिला येणारा बैल पटात पहिला येईलच असं नाही, हे तो पुरतं ओळखून असतो. प्रदर्शनात वशिंडाचा डौल, कातडीची झळाळी, शिंगांची सारखी ठेवण मोजतात. पटावरच्या जाणत्याची नजर आधी खाली जाते, खुरावर. खूर काळा, घट्ट आणि मिटलेला असला तर माती धरतो. पसरट, फाकलेला खूर भुसभुशीत जागी रुततो आणि प्रत्येक उडीला थोडा थोडा वेग जमिनीला देऊन येतो. मग मागच्या पायाचा वाक. तो फार सरळ असला तर झेप आखूड पडते, फार असला तर रेटा वाया जातो. मग नाकाड. निरोगी बैलाचं नाकाड ओलं असतं, त्यावर बारीक थेंब दिसतात. टेम्पोतून रात्रभर हिंदकळत आलेल्या बैलाचं नाकाड सकाळी कोरडं दिसलं, तर त्याचं नाव पंचक्रोशीत कितीही गाजलेलं असो, जाणता त्याला मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवतो. मग दात. दोन दाती गोऱ्ह्याजवळ वेग असतो, सवय नसते. जुळलेल्या बैलाजवळ सवय पक्की असते, वेगाची खात्री द्यावी लागते. चार दाती बैलाबद्दल कुणी छातीठोक बोलत नाही, म्हणून त्याच्याबद्दल बोलणं सगळ्यांत जास्त होतं.

दोन्ही बैलांचं एवढं सगळं पाहून झालं, तरी खरं भाकीत अजून सुरू झालेलं नसतं. "बैल दोन्ही भारी हायेत गा, पन जमत नाही त्याईचं," असं एखादा म्हातारा सहज बोलून जातो. त्या एका वाक्यात सगळं रसशास्त्र आहे.

जमणं म्हणजे काय ते नीट पाहू. समजा उजव्या अंगाचा बैल डाव्यापेक्षा वीतभर पुढे धावतो आहे. जू तिरपं होतं. डाव्या बैलाच्या मानेवर त्याचं वजन एकाच कडेला येतं, त्याचा श्वास आखडतो, तो आणखी मागे पडतो. छकडा डावीकडे वळू पाहतो. धुरकऱ्याला उजवा कासरा आवळून गाडी सरळ करावी लागते, आणि कासरा आवळणं म्हणजे पुढच्या बैलाचं तोंड धरणं. जो बैल जिंकून देणार होता त्यालाच रोखावं लागतं. म्हणजे जोडीतला वेगवान बैल जोडीला पुढे नेत नाही. त्याचा जास्तीचा वेग दुसऱ्याच्या मानेवर ओझं होऊन बसतो. जोडीचा वेग हळू बैलाच्या वेगाइतकाही राहत नाही, त्याच्याही खाली जातो. याउलट मध्यम वेगाचे दोन बैल, ज्यांची उंची सारखी, ढांग सारखी, पाय एका वेळी पडणारे, असे असले की जू आडवं, समांतर राहतं, कासरा सैल राहतो आणि धुरकऱ्याला काहीच करावं लागत नाही. ज्या धावेत धुरकरी काही करताना दिसत नाही ती धाव घड्याळात सगळ्यांत लहान भरते.

हे कळलं की पट पाहण्याची जागा बदलते. नवखा प्रेक्षक शेवटच्या रेषेजवळ उभा राहतो. जाणता बैल बांधले असतील तिथून सुटण्याच्या जागेपर्यंतच्या वाटेवर थांबतो. जोडी चालत येताना तो पायांचा ताल पाहतो. जुवाची रेघ पाहतो, ती कुठल्या बाजूला झुकते आहे. पाणी पिताना दोघं मान एकदम वर काढतात की एक आधी काढतो, हेसुद्धा त्याच्या लक्षात राहतं. धावताना बैलाला लपवता येतं. हाकाटी, धूळ, गर्दी यांत दोष झाकले जातात. चालताना काही झाकत नाही.

पटापुरती जमवलेली जोडी आणि घरची जोडी यांच्यातला फरकही इथेच कळतो. पैसा असलेला शौकीन एक नावाजलेला बैल या गावचा घेतो, दुसरा त्या गावचा, आणि दोघांना एका जुवाखाली आणतो. कागदावर अशी जोडी अजिंक्य असते. पण एका गोठ्यात वाढलेले, एका गव्हाणीत खाल्लेले, पेरणीला आणि डवरणीला बरोबर जुंपलेले बैल एकमेकांचा कल ओळखतात. एकानं कान टवकारला की दुसऱ्याचं अंग आधीच तयार होतं. अशा जोडीला भाकितात वर ठेवण्याची वृत्ती जुन्या जाणत्यांत असते, आणि तिला मी जुनाट म्हणणार नाही. तिच्यामागे भावनेपेक्षा निरीक्षण जास्त आहे. उलट बाजूनं हेही खरं, की दोन परकी जनावरं एखाद्या दिवशी अशी काही जमून जातात की पाहणारा हरखून जातो. ते आधी सांगता येत नाही. ज्याला तेही आधी दिसतं, तो माझ्या लेखी सगळ्यांत मोठा.

आता जोडी रेषेवर आली. माणसं बैलांना धरून उभी आहेत. इथे भाकीत शेवटचं वळण घेतं आणि ते काही क्षणांत घ्यावं लागतं. शेपटी सतत झटकणारा बैल वैतागलेला आहे. पातळ शेण टाकणारा घाबरलेला आहे. पुढच्या पायानं माती उकरणारा बैल गर्दीला आवडतो, लोक ओरडतात, पण जाणता त्याच्यावर फार विसंबत नाही; तो आपली ताकद उभ्या जागीच खर्च करतो आहे. मान खाली, कान मागे धुरकऱ्याकडे, पोटाचा भाता संथ, असा बैल दिसायला मंद वाटतो. भाकीत त्याच्या बाजूनं झुकतं. "कान पाह्य त्याचे," असं कुजबुजत शेजारच्याला कोपर मारलं जातं. कान पुढच्या माणसांकडे नाहीत, मागच्या आवाजाकडे आहेत. म्हणजे हा हाकेची वाट पाहतो आहे. सुटताना पहिली झेप दोघांची एकदम पडली तर अर्धा पट तिथेच झाला.

धुरकऱ्याविषयी वेगळं लिहायला हवं, कारण त्याच्याविषयीची पारख गेल्या काही वर्षांत पार बदलली आणि माझ्या मते सुधारली. पूर्वी भाकीत करताना धुरकऱ्याचा हात किती जबर आहे हे पाहत. आर लावलेली तुतारी, काठी, शेपटीचा पिळा, असे मार्ग चालत आणि काहीजण त्यांना कौशल्य म्हणत. जनावराच्या वेदनेतून निघालेल्या वेगाची पारख ही पारख नव्हेच. पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं खेळासाठी शिकवण्यास आणि दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत बैल आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, तीही न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे कायम ठेवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी लागते, जनावराला इजा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. काठी, आसूड, आर, विजेचा झटका, सगळं बंद.

या अटींनी पटाचा जोश गेला असं म्हणणारे भेटतात. मला उलट वाटतं. हातातली काठी गेली आणि धुरकऱ्याकडे त्याचा आवाज, त्याचं वजन आणि कासऱ्यावरची बोटं एवढंच उरलं. म्हणजे आता भाकीत करणाऱ्याला माणूस आणि जनावर यांच्यात वर्षभर काय घडलं आहे ते वाचावं लागतं. हलक्या अंगाचा धुरकरी फायद्याचा, हे खरं. पण छकड्यावर तो बसतो कुठे, सुटताना पुढे झुकतो की मागे रेलतो, मध्यावर पोचल्यावर हाक देतो की सुरुवातीलाच घसा मोकळा करतो, हे त्याच्या वजनाहून महत्त्वाचं. हाक राखून ठेवणारा धुरकरी मला नेहमी जास्त भरवशाचा वाटत आला आहे. बैल सुटताना स्वतःच्या उमेदीनं सुटतो. हाक लागते ती उमेद ओसरायला लागते तिथे.

बंदीच्या त्या साडेसात वर्षांनी भाकिताचं जे नुकसान केलं ते फारसं बोललं जात नाही. बैलाचं पटातलं उमेदीचं आयुष्य मोजकं असतं. २०१४ मध्ये जो चार दाती होता तो २०२१ मध्ये उतरणीला लागलेला होता. म्हणजे बैलांची एक अख्खी पिढी पट न पाहता निघून गेली. तिच्याबरोबर आठवणीही गेल्या. कारण पटाचं भाकीत आठवणीवर उभं असतं: याचा बाप कसा पळायचा, याची माय कुणाच्या गोठ्यात होती, याच्या थोरल्या भावाला उजवं अंग मानवायचं की डावं. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा मैदानावर बैल होते, पण त्यांच्यामागची ही वंशावळ अनेक तोंडांतून पुसट झाली होती. ती पुन्हा जुळवायचं काम आता गावोगावी सुरू आहे, आणि ते करणारी तरणी पोरं मोबाइलवर धावेचे व्हिडिओ थांबवून थांबवून पायांचा ताल पाहतात. त्यात मला आनंद वाटतो. जुना माणूस जे चालत्या वाटेवर पाहायचा, तेच ही पोरं पडद्यावर शोधत आहेत.

मातीचा भाग उरलाच. वर्ध्याची जमीन काळी, कपाशीची. पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. पटाची धावपट्टी ढेकळं फोडून, पाणी मारून, दाबून तयार करतात. सकाळी दंव असतं, वरचा थर किंचित ओला असतो, खूर बसतो आणि सुटतो. दहा-अकरानंतर तोच थर भुगा होतो. दुपारपर्यंत अनेक जोड्या धावून गेलेल्या असतात, मध्यावर खुरांनी खळगे पडलेले असतात. त्यामुळे कुठली जोडी कितव्या नंबरावर सुटणार हे कळलं की भाकीत हलतं. घट्ट खुराचा, आखूड ढांगेचा बैल दुपारी टिकतो. लांब झेपेचा बैल सकाळचा. ही चर्चा ऐकताना मला खेळपट्टी वाचणाऱ्या क्रिकेटवाल्यांपेक्षा पटवाले जास्त बारकाईनं बोलतात असं वाटलं आहे. त्यांच्या हाताखालून ती माती वर्षभर जाते, म्हणून.

मोटारींच्या शर्यतीचं भाकीतही जगभर असंच चालतं, आणि त्याच्याशी तुलना केल्यावर पटाचं वेगळेपण जास्त स्पष्ट होतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तिन्ही वर्षं आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत सेबास्टियन वेटेल पहिला होता आणि तिन्ही वर्षं शर्यतही त्यानंच जिंकली. यंत्र सरस, चालक सरस, मग सांगायला राहिलं काय? पण त्याच खेळात १९९७ साली स्पेनमधल्या हेरेझला पात्रता फेरीत जाक विल्नव्ह, मिखाएल शूमाकर आणि हाइन्त्स-हाराल्ड फ्रेंट्झेन या तिघांची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत एक निघाली: १ मिनिट २१.०७२ सेकंद. घड्याळानं हात टेकले. ज्यानं ती वेळ आधी नोंदवली तो पुढे, असं ठरवावं लागलं. आणि शर्यत जिंकली पाचव्या जागेवरून सुटलेल्या मिका हॅकिनेननं. त्याचा तो फॉर्म्युला वनमधला पहिला विजय.

पटातही आता इलेक्ट्रॉनिक घड्याळ आलं आहे. हाताच्या घड्याळाच्या काळात पंचाच्या अंगठ्यावरून भांडणं व्हायची, ती बरीच थांबली, हे चांगलं झालं. पण घड्याळानं भाकिताची भाषा थोडी बदलली. पूर्वी लोक सांगत, अमक्याची जोडी तमक्याच्या जोडीला भारी आहे. आता आकडा सांगतात, अमक्या गावी एवढ्या सेकंदांत गेली. आकडा खोटा नसतो, पण त्या गावची पट्टी किती लांब होती, माती कशी होती, जोडी कितवी सुटली होती, हे त्यात नसतं. वेगवेगळ्या गावांच्या पट्ट्या एका मापाच्या नसतात. नुसत्या आकड्यांवर भाकीत करणारा नवा शौकीन अनेकदा तोंडघशी पडतो तो इथे. गाडीचं इंजिन आज जेवढी ताकद देतं तेवढीच उद्याही देण्यासाठी बनवलेलं असतं. बैल आज वेगळा, उद्या वेगळा. "आज मन नाही त्याचं," हे पटावरचं सगळ्यांत अचूक भाकीत असू शकतं आणि कुठलंही घड्याळ ते मोजत नाही.

पैजांबद्दल एकदाच स्पष्ट बोलतो. पैसे लावणाऱ्याची नजर बिघडते. त्याला जोडीतला दोष दिसला तरी बघवत नाही आणि दुसऱ्या जोडीचा गुण दिसला तर बोचतो. पाहण्यातला मोकळेपणा गेला की रसग्रहण संपलं. ज्या जाणत्यांकडून शिकण्यासारखं आहे ते पैजेच्या घोळक्यापासून लांब, बैलांच्या बाजूला सापडतात.

जनावराची पारख या जिल्ह्याच्या अंगात किती खोल आहे ते पटाबाहेरही दिसतं. उद्योगपती जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला दिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते वर्ध्यात वारले, तेव्हा वर्ध्याची गोपुरी हेच त्यांचं कार्यक्षेत्र होतं. गोरसपाक या बिस्किटाच्या निमित्तानं वर्ध्याच्या गायीचं नाव आजही घरोघरी निघतं. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला गवळाऊच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. आणि सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा! मोठ्यांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरं निघतात, काही बैल पोरांपेक्षा उंच, चाकांवर ओढले जाणारे. सजावटीची स्पर्धा असते, बक्षिसं असतात. त्या गर्दीत पाच-सात वर्षांचं पोर शेजारच्या बैलाकडे मान वाकडी करून पाहतं आणि बापाला सांगतं की त्याच्या बैलाचं वशिंड बरोबर नाही. पारख तिथून सुरू होते.

ट्रॅक्टरनं शेतातला बैल कमी केला, आणि शेतात न जुंपलेल्या बैलाचं भाकीत कठीण झालं, ही आजची अडचण खरी आहे. पूर्वी पटाचा बैल नांगरटीत, वखरणीत, बाजाराच्या वाटेवर सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर असायचा. त्याची चाल लोकांना पाठ असायची. आता अनेक ठिकाणी पटाचा बैल फक्त पटासाठी पाळला जातो. त्याला खुराक, मालिश, पोहणं, सराव, सगळं मिळतं, पण गावाला तो वर्षातून थोडे दिवसच दिसतो. गवळाऊसारखी हलकी जात शेतात उपयोगाची राहिली नाही तर तिला कोण पाळणार, या काळजीचं एक उत्तर पट देतो. ते उत्तर अपुरं आहे. गाय दुधाला परवडली आणि गोऱ्हा कामाला लागला तरच जात टिकेल. पण आज आर्वीकडच्या एखाद्या गोठ्यात शुद्ध गवळाऊ गोऱ्हा जपून वाढवला जात असेल, तर त्यामागे पटाची आशा बरीच असते, हे नाकारून चालणार नाही.

पुलगावहून नदी ओलांडली की धामणगाव रेल्वेच्या पुढे तळेगाव दशासर लागतं. तिथला कृषक सुधार मंडळाचा शंकरपट या सगळ्या पट्ट्यात मानाचा. वर्धा जिल्ह्यातल्या जोड्याही तिथे नदी ओलांडून जातात. तिथला महिलांचा पट मला या विषयात सगळ्यांत विचार करायला लावतो. छकड्यावर बाई असते. तिच्या हातात कासरा, डोक्यावर पदर किंवा ओढणी घट्ट बांधलेली. पटावरच्या नेहमीच्या भाकिताची मापं इथे लागू पडतीलच असं नाही. नेहमीचा धुरकरी पट जवळ आला की जोडीजवळ येतो. घरची बाई पहाटे गोठा झाडते, ढेप आणि सरकी भिजवते, आंबोण कालवते, आजारी बैलाच्या पाठीवरून हात फिरवते. बैलाला तिची चाहूल आधी कळते, आवाज नंतर. ती छकड्यावर चढते तेव्हा बैलांना धरून उभी असलेली माणसं पाहावीत: काही जोड्यांना दोघं-तिघं धरून ठेवतात, काही जोड्यांजवळ एकच माणूस नुसता हात लावून उभा असतो. महिलांच्या पटाला मी हे आधी पाहतो, मग तिनं पहिली हाक दिल्यावर दोन्ही बैलांचे कान एकदम मागे वळतात का ते. खूर, दात आणि वशिंड त्या दिवशी शेवटी.